आधी स्प्रिंगा, मग वजनकाटा: एका ऑफ-रोड एसयूव्हीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवरा-बायको आणि दोन किशोरवयीन मुलं असं हे चौघांचं कुटुंब. दोघंही गाडी चालवतात. आधीची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आणि बुटकी होती. कच्च्या रस्त्यावर तिचं पोट दोनदा घासलं, दुसऱ्यांदा ऑइल पॅन चेपला, आणि लॅडर फ्रेमवरची (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली), लो रेंज (जादा संथ, जोरकस गिअर) असलेली डिझेल एसयूव्ही घ्यायचं ठरलं. मॉडेलही पक्कं होतं: पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी दांडे), मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस), चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद).

खरेदीआधी त्यांनी एक चांगली गोष्ट केली. गाडी नक्की कुठे चालणार, हे कागदावर लिहून काढलं. दर १०० किलोमीटरपैकी ७५ डांबरी, २० मुरमाचा किंवा जंगलातला कच्चा रस्ता, आणि उरलेले ५ खरोखर अवघड: नदीपात्रातली वाळू, चिखल, सुटे धोंडे. वर्षातून दोनदा १०–१२ दिवसांची भटकंती, मुक्काम गाडीपाशीच. हा कागद नसता तर पुढची निम्मी चर्चा छायाचित्रांवरून झाली असती.

अडचण

प्रश्न तीन होते: कोणतं व्हेरिएंट, कोणते टायर, कोणतं सस्पेन्शन. तिन्ही एकमेकांत अडकलेले. व्हेरिएंटवर रिमचा आकार ठरतो, रिमवर टायरची भिंत ठरते, टायरच्या व्यासावर गाडी किती उचलावी लागेल ते ठरतं, आणि या सगळ्याचं वजन मिळून स्प्रिंग ठरते. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात. आधी गाडी उचलतात, मग चाकांच्या कमानीत मोकळी जागा दिसते म्हणून मोठे टायर घालतात. या कुटुंबाने क्रम बरोबर धरला, फक्त शेवटच्या पायरीवर घाई केली.

व्हेरिएंटची निवड

तीन व्हेरिएंट होती आणि तिन्हींची कमाल मर्यादा, म्हणजे गाडी, माणसं आणि सामान धरून कंपनीने घालून दिलेलं वजन, एकच होती: २८५० किलो. फरक रिकाम्या गाडीच्या वजनात होता.

सर्वांत खालचं व्हेरिएंट २१४० किलो. १७ इंची लोखंडी रिम, डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारी यंत्रणा) नाही. मधलं २१९० किलो. १७ इंची अलॉय आणि मागचा डिफ लॉक. वरचं २३१० किलो. २० इंची अलॉय, डिफ लॉक, सनरूफ, तिसरी रांग, विजेवर कडक-मऊ होणारे शॉक (स्प्रिंगेची उसळी आवरणारे दांडे) आणि पुढे मोठे ब्रेक.

म्हणजे माणसं आणि सामानासाठी अनुक्रमे ७१०, ६६० आणि ५४० किलो उरतात. महागडं व्हेरिएंट कमी ओझं वाहतं, हे शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. एक सावधगिरी इथेच घ्यावी. ‘रिकामी गाडी’ कशाला म्हणायचं ते कंपनीगणिक बदलतं. कुणी ७५ किलोचा चालक त्यात धरतं, कुणी धरत नाही. टाकी कुणी पूर्ण धरतं, कुणी थोडी कमी. इथे टाकी पूर्ण आणि चालक वगळून, असं पुस्तिकेत दिलेलं होतं.

त्यांची सामानाची यादी अशी: माणसं २४० किलो, पाणी ६०, फ्रिज भरून ३५, दुसरी बॅटरी २५, मागचे खण आणि हत्यारं ७०, ओढपट्टे-शॅकल-कॉम्प्रेसर २०, कपडे आणि स्वयंपाकाचं सामान ६०, छतावरचा तंबू ५८ आणि त्याचा रॅक २७. बेरीज ५९५. वरचं व्हेरिएंट इथेच ५५ किलोंनी बाद झालं.

त्याच्या विरोधात आणखी दोन कारणं होती, आणि वजनाचा मुद्दा नसता तरी ती पुरेशी ठरली असती. पहिलं, त्याचे पुढचे ब्रेक कॅलिपर मोठे असल्यामुळे १८ इंचापेक्षा लहान रिम बसतच नाही. ‘नंतर रिम बदलू’ हा पर्याय त्यामुळे अर्धाच उरतो. दुसरं, विजेवर चालणारे शॉक काढून साधे घातले की डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागतो आणि तो गप्प करायला वेगळं मॉड्यूल जोडावं लागतं.

खालचं आणि मधलं यांत निर्णय डिफ लॉकवर झाला. डिफ लॉक नंतरही बसवता येतो, पण त्यासाठी मागचा डिफरन्शियल उघडून क्राउन आणि पिनियनचे दात पुन्हा जुळवावे लागतात, आणि कंपनीचा लॉक लावल्यावर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप जसे जुळवून घेतात तसं बाहेरून बसवलेल्यात होईलच असं नाही. मधलं घेतलं.

टायर

मूळ टायर २६५/६५ आर १७ (रुंदी २६५ मिमी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंच), व्यास ७७६ मिमी. वरच्या व्हेरिएंटचा २६५/५० आर २०, व्यास ७७३. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, पण रिम आणि जमीन यांच्यामधली रबराची भिंत १७ इंचीत १७२ मिमी आणि २० इंचीत १३२ मिमी. वाळूत हवा कमी केल्यावर टायर जो लांब पसरतो तो या भिंतीच्या जोरावर, आणि धोंड्यावर आदळल्यावर रिम वाचते तीही तिच्यामुळेच.

विचारात चार पर्याय होते. मूळ मापाचा हायवे टायर. मूळ मापाचा ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा). २६५/७० आर १७ मापाचा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जाड बांधणीचा) ऑल-टेरेन. आणि २८५/७० आर १७ मापाचा मड-टेरेन (चिखलासाठीचा).

मड-टेरेनकडे मन ओढतं, कारण गाडी त्याने रुबाबदार दिसते. पण ७५ टक्के डांबर असलेल्या कागदासमोर तो टिकला नाही. मोठे ठोकळे आणि त्यांत बारीक चिरा कमी, म्हणून ओल्या डांबरावर तो ऑल-टेरेनपेक्षा लांब जाऊन थांबतो. शिवाय सततची घरघर. व्यास ८३१ मिमी, म्हणजे मूळपेक्षा ७ टक्के जास्त. या गाडीचा पहिला गिअर ४.०, लो रेंज २.५७ आणि ॲक्सल ३.९१ धरून सर्वांत संथ गिअरिंग ४०:१ येतं. या टायरवर ते ३७.६ सारखं वागतं. उतारावर इंजिनाची पकड तेवढी सैल. पूर्ण वळणावर हा टायर आतल्या लायनरला (चाकाच्या कमानीतल्या अस्तराला) आणि बॉडी माउंटला (बॉडी फ्रेमला जोडणाऱ्या जागेला) लागतो, आणि गाडीखालच्या स्टेपनीच्या जागेत मावत नाही.

२६५/७० चा व्यास ८०३ मिमी. पोट १३ मिमी वर येतं, स्टेपनी जागेवर बसते, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा टायरमुळे खरा वेग ३.४ टक्के जास्त असतो. वेगमर्यादेजवळ चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं.

एलटी टायर घ्यायचं कारण वजन पेलणं हे नव्हतं, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. मूळ टायरचा लोड इंडेक्स ११२, म्हणजे एका टायरला ११२० किलो. पूर्ण भरलेल्या गाडीत मागच्या एका चाकावर ७५० किलोच्या आसपास येतात. मूळ टायरही ते सहज पेलतो. एलटी घेतला तो भिंत चिरू नये म्हणून. सुट्या धारदार दगडांत टायर बहुधा भिंतीतूनच जातो, तळातून नाही. त्यातही लोड रेंज ‘ई’ न घेता ‘सी’ घेतली. ‘ई’ जास्त ओझ्यासाठी असते. ती जड आणि ताठ, आणि या गाडीवर तिचा ताठपणा फक्त कमरेला जाणवला असता. ‘सी’चाही प्रत्येक टायर मूळपेक्षा ५ किलो जड निघालाच, पाच टायर, २५ किलो.

पाचही टायर एकदम घेतले. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना कडक जोडले जातात. नवा-जुना टायर मिसळला की व्यासातला फरक ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर ताण म्हणून साठत जातो. भिंतीवरच्या चार आकडी कोडवरून, म्हणजे आठवडा आणि वर्ष यांवरून, पाचही टायर एकाच काळातले आहेत का तेही पाहून घेतलं.

सस्पेन्शन: चूक कुठे झाली

पुढे ४० मिमी उचल ठरली, आणि ती योग्यच होती. पुढच्या चाकाला एकूण सुमारे २०० मिमी हालचाल आहे: ९० वर, ११० खाली. उचल दिली म्हणून हालचाल वाढत नाही, फक्त वाटणी बदलते. ४० मिमी उचलीत ती १३० वर, ७० खाली होते. ७५ मिमी उचलली असती तर खाली फक्त ३५ उरले असते. खड्ड्यात चाक लगेच लटकतं, शॉक टोकाला जाऊन ठणकतो आणि सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढून त्याचं रबरी बूट घासून फाटतं. स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासून दिलेला दाब) वाढवून उचलली तरी हा हिशेब तोच राहतो.

मागच्या स्प्रिंगांची मागणी मात्र ५९५ किलोच्या यादीवरून नोंदवली गेली. विक्रेत्याच्या यादीत तीन वर्ग होते: कायमचं जादा ओझं नाममात्र, १०० किलो, आणि ३०० किलो. ‘एवढं सामान आहे म्हटल्यावर ३०० चंच घ्या’ असा सल्ला मिळाला. गोम ‘कायमचं’ या शब्दात होती. पाणी, फ्रिज, माणसं, कपडे हे कायमचं ओझं नाही. वर्षातले २०–२५ दिवस असतं. कायम गाडीतच राहणारं म्हणजे खण, बॅटरी, पोटाखालची पोलादी प्लेट आणि टायरचं जादा वजन.

त्यात स्प्रिंगा मागवल्यानंतर पंधरा दिवसांनी कुणीतरी गाडीच्या पुस्तिकेत छताची मर्यादा पाहिली. चालत्या गाडीवर ८० किलो. तंबू आणि रॅक मिळून ८५. कच्च्या रस्त्यावर उसळीमुळे ओझं आणखी वाढतं, म्हणून मर्यादेच्या काठावर राहणंही बरं नव्हे. छतावरचा तंबू रद्द झाला, जमिनीवरचा २२ किलोचा आला. यादी ५३२ वर उतरली. स्प्रिंगा मात्र जुन्या यादीच्या बसल्या.

लक्षणं

पहिल्याच आठवड्यात मागची बाजू मूळपेक्षा ६२ मिमी वर उभी राहिली, पुढची ४०. गाडी नाक खाली घालून चाललीय असं दिसायचं. गतिरोधकावर मागे बसलेली मुलं उडायची. खरी भीती वाटली ती पन्हाळीच्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या कच्च्या रस्त्यावर. ताशी ५०–६० ला मागचा ॲक्सल टुणटुण उड्या मारत बाहेरच्या बाजूला सरकायचा. गाडी चालवणाऱ्या बाईंनी नेमक्या शब्दांत सांगितलं: ‘वळणावर मागची चाकं जमिनीवर आहेत असं वाटतच नाही.’

वर्कशॉपने आधी शॉकवर बोट ठेवलं. बदलण्याआधी एक साधी तपासणी झाली, तिने प्रकरण उलगडलं. चारही शॉकच्या दांड्यांवर एकेक केबल टाय घट्ट बांधून शॉकच्या नळकांड्याला टेकवला. शॉक दाबला गेला की नळकांडं त्या टायला दांडीवरून ढकलतं, आणि जास्तीत जास्त जिथवर दाब गेला तिथेच तो राहतो. ४० किलोमीटर खराब रस्ता चालून पाहिलं. पुढे टाय १३० पैकी ९५ मिमी सरकला होता. मागे ११० पैकी फक्त ३५. म्हणजे शॉक दमले नव्हते. त्यांना काम करायची संधीच मिळत नव्हती. स्प्रिंग ताठ, वर वजन नाही, आणि शॉकची परतीची पकड १०० किलो वर्गाच्या स्प्रिंगेसाठी जुळवलेली. ताठ स्प्रिंग दाबली गेल्यावर ज्या जोराने उलटते, तो जोर त्या शॉकला आवरत नव्हता.

मग गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. रोजच्या अवस्थेत, टाकी पूर्ण आणि माणसं खाली उतरवून: पुढे १२००, मागे ११४०. मूळ गाडीच्या मागच्या ॲक्सलवर १०३० होते. म्हणजे मागे कायमचं जादा ओझं ११० किलो, ३०० नाही. पूर्ण सामान आणि माणसांसह: पुढे १२८०, मागे १५००, एकूण २७८०. मागच्या ॲक्सलची मर्यादा १६००, गाडीची २८५०. मर्यादेत, पण ७० किलोच्या फरकाने.

पर्याय आणि कृती

एक पर्याय होता स्प्रिंगा तशाच ठेवून जास्त पकडीचे शॉक घालायचा. उड्या कमी झाल्या असत्या, पण वर्षाचे ३४० दिवस दणके तेवढेच बसले असते. दुसरा, मागे कायम १०० किलो वाळूच्या गोण्या. हा सुचवणारेही भेटतात, आणि त्यात सामानाची उरलीसुरली मर्यादा संपते. तिसरा, १०० किलो वर्गाच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या पोटात हवेच्या पिशव्या. तिसरा घेतला.

नव्या स्प्रिंगांवर रोजच्या अवस्थेत मागची उचल ४२ मिमी आली. पूर्ण सामानात गाडी ४४ मिमी बसते, म्हणजे मूळ रिकाम्या उंचीच्या किंचित खाली. पिशवीत १५ पीएसआय हवा भरली की त्यातले सुमारे २५ मिमी परत मिळतात. रिकाम्या गाडीत पिशवीत ५ पीएसआय ठेवायचे. अगदी हवा काढली तर स्प्रिंगेच्या वेढ्यांत पिशवी चिमटते आणि फाटते. आणि पिशवी हे मर्यादा वाढवायचं साधन नाही. उंची परत येते, ॲक्सलवरचे किलो तेवढेच राहतात.

बसवताना एका गोष्टीवर आग्रह धरला गेला, आणि तो प्रत्येकाने धरावा. विशबोन आणि मागच्या लिंकचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळायचे नाहीत. आधी हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मगच ठरलेल्या टॉर्कने आवळायचे. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं; काही हजार किलोमीटरांत ते फाटतं आणि दोष स्प्रिंगेला दिला जातो.

अलाइनमेंटमध्ये पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) उचलीमुळे ३.० अंशांवरून १.६ वर आला होता. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नव्हतं ते त्यामुळेच. मूळ कॅम बोल्टवर (कोन जुळवायच्या बोल्टवर) तो २.४ पर्यंत परत आणता आला, म्हणून वरचे विशबोन बदलावे लागले नाहीत. मागचा पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडव्या दिशेने धरून ठेवणारा दांडा) उचलीमुळे ॲक्सलला एका बाजूला सरकवतो; इथे तो सरक २–३ मिमी होता, तसाच सोडला. हेडलाइटचा रोख खाली घेतला आणि काचेवरचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट केला. उचल आणि टायरबदल विमा कंपनीला लेखी कळवला.

टायर पूर्ण वळणावर, रिव्हर्समध्ये, लायनरच्या मागच्या कडेला पुसट लागत होता. हॉट एअर गनने ती कड मऊ करून १२ मिमी मागे दाबली, प्रश्न मिटला.

हवेच्या दाबावरही एक धडा मिळाला. दारावरच्या पट्टीवर ३२ पीएसआय लिहिलंय, पण ते मूळ टायरसाठी. एलटी टायरला तेवढंच ओझं पेलायला जास्त दाब लागतो. पूर्ण सामानात मागे ३२ थंड भरून तासभर चालल्यावर ४० दाखवले. एलटी टायरला थंड ते गरम साधारण ६ पर्यंत वाढ ठीक. ८ म्हणजे हवा कमी, टायर जास्त वाकतोय आणि तापतोय. थंड दाब मागे ४० केला, वाढ ५ वर आली. रोजच्या वापरात चारही चाकांत ३६. मुरमावर २८, दगडांत २०–२२, वाळूत १६. आणि १६ वर असताना वेग ताशी ३० च्या आत, झटक्यात वळण नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो.

परिणाम

१४ महिने आणि २२,००० किलोमीटर झाले आहेत. केबल टायची तपासणी पुन्हा केली तेव्हा मागे ७५ मिमी वापर दिसला. लाटांच्या रस्त्यावर ॲक्सल जागेवर राहतो. पाचही टायर दर ८,००० किलोमीटरला फिरवल्यामुळे झीज एकसारखी आहे. एका टायरच्या भिंतीवर बोटभर लांबीची ओरखड आहे, दोरे दिसत नाहीत. लिटरला सरासरी ९.८ किलोमीटरवरून ९.० वर आली. त्यातलं थोडं नुकसान कागदावरचं आहे, कारण मोठ्या टायरवर ओडोमीटर अंतर कमी मोजतो. ३.४ टक्के धरून खरा आकडा ९.३.

डिफ लॉक दोनदा लागला. पहिल्या वेळी मागचं एक चाक हवेत गरगरत असतानाच बटण दाबलं आणि तो गुंतायला वेळ लागला. थांबून, चाक स्थिर झाल्यावर लॉक लावला तेव्हा गाडी सरळ ओघळीतून वर आली. चाक फिरत असताना लॉक गुंतला तर दातांवर झटका बसतो, म्हणून थांबणं सक्तीचंच समजावं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक क्रमाची. टायर, प्लेट, खण आणि बॅटरी बसवून गाडी मूळ स्प्रिंगांवरच महिनाभर चालवायला हवी होती. मग वजनकाटा दोनदा, एकदा रिकामी आणि एकदा भटकंतीच्या सामानासह, आणि त्यानंतर स्प्रिंगा. मूळ स्प्रिंगांवर एक महिना गाडी थोडी बसलेली दिसली असती, बाकी काही बिघडलं नसतं. स्प्रिंगांचा एक जोड, दोनदा मजुरी आणि दोनदा अलाइनमेंट वाचलं असतं.

छताची मर्यादा तंबू पसंत करण्याआधी पाहायला हवी होती. ती पुस्तिकेतली एक ओळ आहे, पण तिच्यावरून ६३ किलोंचा आणि एका स्प्रिंग-वर्गाचा निर्णय फिरला.

टायरच्या बाबतीत मूळ मापाचा, २६५/६५ चा ऑल-टेरेनही चालला असता. १३ मिमी पोट आणि थोडी उंच भिंत गमावली असती. बदल्यात स्पीडोमीटर खरा राहिला असता आणि लायनरला हात लावावा लागला नसता. धोंड्यांतला वापर ५ टक्क्यांहून कमी असेल तर तोच घ्यावा.

खालचं व्हेरिएंट घेऊन डिफ लॉक बाहेरून बसवावा का, यावर जाणकारांत मतभेद होतील. ५० किलो जास्त वाहता आले असते, आणि लोखंडी रिमची वाकलेली कड रस्त्यातच हातोड्याने ठोकून टायर पुन्हा बसवता येतो. अलॉयला तडा गेला तर स्टेपनीशिवाय इलाज नाही. जे महिना-महिना वस्तीपासून दूर राहतात त्यांनी तसंच करावं. या कुटुंबाला मात्र वॉरंटीतला, एबीएसशी जुळलेला लॉक जास्त मोलाचा होता. एकूण वजन मर्यादेच्या फक्त ७० किलो आत असल्यामुळे त्यांनी पुढच्या भटकंतीसाठी पाणी ६० ऐवजी ४० लिटर न्यायचं आणि वाटेत भरून घ्यायचं ठरवलं आहे.